दर शुक्रवारी ‘होय’

वनस्पतीशास्त्राच्या बाईंना सगळं कॉलेज पुन्हाबाई म्हणे. तोंडावर नाही, तोंडावर नुसतं ‘बाई’. विद्यार्थी वही घेऊन पुढे आला की बाई चष्मा कपाळावर चढवून आकडे बघत आणि म्हणत, ‘‘पुन्हा.’’ त्यात राग नसे आणि मायाही नसे. बसचा कंडक्टर ‘पुढे सरका’ म्हणतो, तितक्याच आपुलकीनं त्या तो शब्द उच्चारत. नोकरीला एकोणतीस वर्षं झाली होती. हे नाव पहिल्यांदा कानावर आलं तेव्हा त्यांना वाईट वाटलं होतं. पुढे सवय झाली. आणि अलीकडे तर, इतक्या वर्षांत आपण बोललेल्यातला एक तरी शब्द पोरांच्या लक्षात राहिला, एवढंच समाधान उरलं होतं.

कॉलेजात एका विश्वस्त निधीची योजना होती. विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लांब सुट्टीत दहा आठवडे खरंखुरं संशोधन करायला मिळावं, त्याचं विद्यावेतन मिळावं, आणि डोक्यावर एक मार्गदर्शक असावा, असा तिचा हेतू. हेतू उत्तमच होता. कॉलेजच्या वाट्याला दर वर्षी एक जागा येई. पहिल्या वर्षी मार्गदर्शक होण्यासाठी चार प्राध्यापकांत बोलाचाली झाली. दुसऱ्या वर्षी असं कळलं की विद्यावेतन विद्यार्थ्याला मिळतं आणि मार्गदर्शकाला प्रमाणपत्र. तेव्हापासून सुट्टी जवळ आली की एकेकाची पाठ धरू लागली, भाच्यांची लग्नं ठरू लागली, सासरे आजारी पडू लागले. उरल्या बाई. नाही म्हणायलाही थोडा वेळ काढावा लागतो, आणि तेवढा त्यांच्याकडे कधी नसे.

अशी चौदा वर्षं गेली. चौदा विद्यार्थी, चौदा अहवाल, आणि प्रत्येक अहवालाचं शेवटचं वाक्य एकच: दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्या चौदांपैकी एक औषधं विकतो, एकीची बेकरी आहे, एक पोलिसात आहे. एक परदेशी खऱ्या प्रयोगशाळेत आहे आणि दर नव्या वर्षी एखाद्या यंत्राशेजारी उभा राहून काढलेला फोटो पाठवतो. बाई ‘छान’ असं उत्तर पाठवतात. यंत्र कशाचं ते विचारायचं दर वर्षी राहून जातं.

तीन वर्षांपूर्वी निधीला नवे सचिव लाभले, आणि सचिवांबरोबर पोर्टल आलं. मार्गदर्शकानं दर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन अहवाल भरायचा. प्रश्न एक्केचाळीस. त्यातला सतरावा असा: ‘या आठवड्यात प्रयोगाची मांडणी आपण प्रत्यक्ष तपासली का?’ उत्तरं दोन, ‘होय’ आणि ‘नाही’. ‘नाही’वर बोट ठेवलं की आणखी एक पान उघडे. त्यात कारणं किमान तीनशे शब्दांत द्यायची, सुधारणेचा आराखडा जोडायचा. ‘होय’ म्हटलं की सरळ अठरावा प्रश्न. शेवटी विद्यार्थ्यानं आपला कोड टाकून ‘वरील माहिती खरी आहे’ असं कबूल करायचं. या सगळ्याला दोन तास लागत, इंटरनेट गेलं तर तीन. पूर्वी शुक्रवारची ही दुपार बाई प्रयोगशाळेत काढत. बशांची झाकणं उचलून बघत, लेबलं वाचत, उगाच इकडचं तिकडे करत. आता मांडणी तपासली हे लिहिण्यात मांडणी तपासायची वेळ निघून जाई. पहिल्या वर्षी त्यांनी हे विभागप्रमुखांच्या कानावर घातलं होतं. ‘‘तुम्ही ‘होय’ टाका हो,’’ विभागप्रमुख म्हणाले होते. तसं त्या टाकत आल्या.

पंधराव्या वर्षी मुंगी आली.

मुंगी हे तिचं घरातलं नाव. रिकाम्या हातानं ती कुठून कुठे जात नसे, म्हणून पडलेलं. वडील नव्हते. मोठ्या भावाचं बसस्टॉपसमोर झेरॉक्सचं दुकान होतं, आणि शाळा सुटली की मुंगी तिथेच; तिथेच ती वाढली होती. योजनेसाठी बाईंनी दिलेला विषय नेहमीसारखाच, म्हणजे ज्याला काही लागत नाही असा होता. कॅन्टीनमध्ये रोज बादलीभर चहाचा चोथा फेकला जातो. तो धुऊन गाळलेल्या पाण्यात मुळ्याच्या बिया भिजवल्या, तर साध्या पाण्यातल्यापेक्षा त्या लवकर उगवतात का? दहा बशा चहाच्या, दहा बशा साध्या पाण्याच्या, दर बशीत ओल्या टीपकागदावर वीस बिया. दोन दिवसांनी कोंब मोजायचे.

पहिल्या खेपेला मुंगी वही घेऊन आली, तेव्हा बाई ठरल्याप्रमाणे ‘पुन्हा’ म्हणायला तोंड उघडून बसल्या होत्या. चहाच्या दोनशेपैकी एकशे चौसष्ट बियांना कोंब. साध्या पाण्याच्या एकशे अठरा.

बाईंनी चष्मा खाली घेतला. मग काढून पुसला.

‘‘पुन्हा,’’ त्या म्हणाल्या, पण सवयीनं.

मुंगीनं पुन्हा केलं. पुन्हा तसंच आलं. तिसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदाही तसंच. तोवर सहावा आठवडा लागला होता. बाई घरी जाताना पायऱ्या उतरता उतरता स्वतःशीच काहीतरी गुणगुणतात, असं प्रयोगशाळेच्या मामांनी पाहिलं आणि चार जणांना सांगितलं. विभागप्रमुखांपर्यंत बातमी गेली. विभागप्रमुख एके काळचे बाईंचेच विद्यार्थी. बाई त्यांना चारचौघांत ‘तुम्ही’ म्हणत आणि मनात ‘तू’.

‘‘मॅडम, हे जमलं तर या वेळी वर्षभराची शिष्यवृत्ती आपल्याकडे येते,’’ विभागप्रमुख म्हणाले. सगळ्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांतून एकाला निधी पुढचं वर्षभर शिष्यवृत्ती देई, तिसरं वर्ष शिकता शिकता काम पुढे चालू ठेवायला. ‘‘आजवर एकदाही आलेली नाही. काय?’’

‘‘मला माहीत आहे. त्यातल्या चौदा वेळा मीच होते.’’

ही शिष्यवृत्ती म्हणजे काय, ते बाईंना त्याच आठवड्यात नीट कळलं. एक मनुष्य हेल्मेट हातात धरून प्रयोगशाळेच्या दारात उभा राहिला. बोटांना काळी शाई, डोळ्यांखाली झोप राहिलेली.

‘‘मॅडम, मी मुंगीचा दादा. दोनच मिनिटं.’’

‘‘या ना, बसा.’’

तो बसला नाही. ‘‘दुकानात दोन मशिनं आहेत आणि मी एकटा. हिनं दहा आठवडे मागितले, मी दिले. विद्यावेतन मिळतं म्हणून दिले, खोटं कशाला बोलू. आता ती म्हणते, वर्षभराचं मिळेल. मिळालं तर मी माणूस ठेवतो, माझी काही हरकत नाही. शिकू दे. नाही मिळालं, तर माणूस म्हणजे हीच. सकाळी कॉलेज करेल, बारापासून दुकान. एवढंच सांगायला आलो. मागाहून तुम्हाला वाटायला नको, की भावानं ओढून नेली.’’

‘‘आकडे चांगले आहेत,’’ बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी नोकरीत पहिल्यांदाच उच्चारलं होतं. जिभेला ते परकं लागलं.

नवव्या आठवड्यातल्या मंगळवारी बाई पेन शोधत प्रयोगशाळेत गेल्या. मुंगी टीपकागद आणायला बाहेर गेली होती. लांब टेबलाच्या उजव्या टोकाला, बेसिनजवळ, मामा फडकी पसरत होते. एरवी तिथे चहाच्या बशा असत. आज टेबल धुतल्यामुळे रिकामं होतं.

‘‘मामा, फडकी इथं कशाला? दोरी आहे की तिकडे.’’

‘‘दोरीवर दोन दिवस लागतात, बाई. इथं दुपारपर्यंत कडक होतात. वीस वर्षं इथंच वाळवतोय. या पोरीनं बशा मांडल्या, म्हणून मधे जागाच नव्हती.’’

‘‘इथंच का बरं लवकर वाळतात?’’

शिकल्यासवरल्या माणसाची कीव करावी, तशा नजरेनं मामांनी त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘फ्रिज फुंकतो ना मागून. दार लागत नाही त्याचं, मग दिवसभर धापा टाकतो बिचारा. तुमच्या बिया न् माझी फडकी, दोघांना मानवलीय जागा.’’

ते हसले आणि बादली घेऊन गेले. बाईंनी टेबलावर हात ठेवला. कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं ते उबदार होतं. मग त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेल्या. तिथे ते दगडासारखं गार होतं. कपाटातून दोन थर्मामीटर काढून त्यांनी दोन टोकांना ठेवले आणि स्टुलावर बसून राहिल्या. पंधरा मिनिटांनी पाहिलं. एक तेवीस, एक अठ्ठावीस.

काय झालं असेल, ते कळायला त्यांना मुंगीला विचारायची गरज नव्हती. टेबलाच्या कडेला तिनं नीटनेटक्या अक्षरात दोन पट्ट्या चिकटवल्या होत्या: डावीकडे ‘साधं’, उजवीकडे ‘चहा’. झेरॉक्सच्या दुकानातला पहिला नियम असा, की दोन गिऱ्हाइकांचे गठ्ठे एकमेकांना लागू द्यायचे नाहीत. एकदा मुंगीच्या हातून कुणाच्या तरी घराचे कागद कुणाच्या तरी पत्रिकांत मिसळले होते, आणि दादाला दोन दिवस गावभर हिंडावं लागलं होतं. हा किस्सा तिनंच हसत हसत सांगितला होता. मग ती चहाच्या आणि साध्या पाण्याच्या बशा मिसळेल कशी? तिन्ही खेपांना चहा उजवीकडे, साधं डावीकडे. बेसिनमध्ये चोथा गाळायचा, तर बशाही बेसिनजवळच. आणि बेसिनजवळ फ्रिज.

बशांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, सगळ्या सरमिसळ ठेवायच्या, हे बाई दर वर्षी फळ्यावर लिहीत. पूर्वीच्या शुक्रवारी त्यांनी हे टेबल दारातून नुसतं पाहिलं असतं, तरी त्यांचा हात आपोआप बशांकडे गेला असता. दोनदा ‘पुन्हा’ म्हटलं होतं त्यांनी. तिन्ही खेपांना फ्रिज होता तिथेच होता.

मुंगी टीपकागद घेऊन आली. ‘‘बाई, पेन सापडलं?’’

‘‘नाही,’’ बाई म्हणाल्या, आणि थर्मामीटर पदराआड करून निघून गेल्या. आपण असं का केलं, ते त्यांना कळेना. मग कळलं. त्या दमल्या होत्या.

विभागप्रमुखांना त्यांनी बुधवारी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

‘‘मॅडम, नववा आठवडा आहे.’’

‘‘तेही मला माहीत आहे.’’

‘‘पुढच्या शनिवारी सादरीकरण. तापमानाचा मुद्दा आपण ‘पुढील कामाची दिशा’मध्ये टाकू. एका ओळीत. म्हणजे लपवलं, असंही होणार नाही.’’

‘पुढील कामाची दिशा’ म्हणजे कुठल्याही शोधनिबंधातली अडगळीची खोली. जे टाकवत नाही आणि दाखवतही नाही, ते तिथं ठेवायचं.

‘‘माझ्याकडून तुम्ही मुळांचे पातळ छेद पाच वेळा करून घेतले होते,’’ विभागप्रमुख जरा मऊ आवाजात म्हणाले. ‘‘मला राग यायचा. पण तेव्हा पाचव्यांदा करायला वेळ होता. हिला कुठे आहे?’’

बाईंना ते छेद आठवले. पाचव्यांदाही जाडच आले होते.

गुरुवार गेला. शुक्रवारी त्या संगणकासमोर बसल्या. सतरावा प्रश्न आला. या खेपेला उत्तर खरोखरच ‘होय’ होतं. नऊ आठवड्यांत पहिल्यांदा त्यांनी मांडणी प्रत्यक्ष तपासली होती. पण आढळलेल्या त्रुटींसाठी तिथे रकाना नव्हता. त्यांनी ‘होय’ टाकलं. मुंगीनं शेजारी उभं राहून कोड टाकला आणि ‘‘येऊ का, बाई?’’ म्हणून गेली.

घरी त्यांचे यजमान जमिनीच्या मोजणी खात्यातून निवृत्त होऊन शब्दकोडी सोडवत असत. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं, पोळी मोडली आणि ताटात तशीच ठेवली.

‘‘अगं, सांगून टाक ना पोरीला.’’

‘‘सांगितलं तर तिचं वर्ष जाईल, अहो. दुकानात बसेल ती.’’

‘‘मग नको सांगू.’’

‘‘असं कसं?’’

‘‘आम्ही हद्दीचा खुंट चुकीचा ठोकला, तर दोन घरं दोन पिढ्या भांडायची. तुमच्या मुळ्याला कोण विचारतंय?’’ त्यांनी कोड्यातून डोकं वर काढलं. ‘‘पण तू मला कशाला विचारतेस? मी हो म्हटलं, तर तू जेवणार आहेस का?’’

बाई जेवल्या नाहीत.

सोमवारी सकाळी त्या मुंगीच्या आधी प्रयोगशाळेत पोचल्या.

‘‘मुंगी, इथं हात ठेव.’’

मुंगीनं हातातला डबा खाली ठेवला आणि तळवा टेबलावर टेकवला. ‘‘गरम आहे.’’ तिनं वर पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, मग आपल्याच अक्षरातल्या दोन पट्ट्यांकडे. चालत दुसऱ्या टोकाला गेली, तिथे हात ठेवला, परत आली. हुशार मुलीला दोनदा सांगावं लागत नाही, हे शिक्षकाचं मोठं सुख मानतात. त्या सकाळी बाईंना ते लाभलं नाही.

‘‘तुम्हाला कधी कळलं?’’

‘‘मंगळवारी.’’

‘‘आज सोमवार आहे, बाई.’’

‘‘हो.’’

‘‘मग शुक्रवारी आपण ते भरलं तेव्हा?’’

‘‘तेव्हा मला माहीत होतं.’’

‘‘आणि त्याआधीचे आठ शुक्रवार?’’

‘‘तेव्हा तपासलंच नव्हतं.’’

‘‘मीही कोड टाकला ना,’’ ती म्हणाली. ‘‘मला वाटायचं, मी जेवायला जाते तेव्हा तुम्ही येऊन बघून जात असाल.’’

बाईंना कुणी इतकं लागेल असं फारसं बोललं नव्हतं, आणि ही तर बोलायचं म्हणूनही बोलली नव्हती.

‘‘वर्गात चिठ्ठ्यांचं शिकवलं होतं मी,’’ बाई म्हणाल्या. कुठेतरी उभं राहायला जागा हवी म्हणून.

‘‘हो. मला वाटलं, ते परीक्षेसाठी आहे.’’

एवढं बोलून ती बेसिनकडे वळली आणि धुतलेल्या बशा पुन्हा धुऊ लागली. इतक्या जोरानं, की मामा दारात डोकावून गेले. बाई स्टुलावर बसून राहिल्या. विसाव्या बशीनंतर पाणी थांबलं.

‘‘आज भिजवल्या, उद्या मांडल्या, तर गुरुवारी मोजता येतील,’’ मुंगी पाठमोरीच म्हणाली.

‘‘येतील.’’

‘‘चहाचा खरंच गुण असला, तर मधे ठेवूनही दिसेल ना?’’

‘‘असला तर दिसेल.’’

दुकानातल्या वाया गेलेल्या प्रतींच्या पाठकोऱ्या कागदाच्या तिनं वीस चिठ्ठ्या केल्या. मामांना चिठ्ठ्या उचलायला बसवलं. ते प्रत्येक चिठ्ठी सोडत निघाल्यासारखी उघडत आणि आकडा मोठ्यानं पुकारत. टेबलभर बशा सरमिसळ झाल्या, चहाशेजारी साधं, साध्याशेजारी चहा. मुंगीला ते बघवेना. तिनं दोनदा हात पुढे करून मागे घेतला.

बाईंना स्वतःची गंमत वाटली. एकोणतीस वर्षं त्यांनी कुठल्याही आकड्याकडे तोंडाचा चंबू करून पाहिलं होतं. आणि बुधवारी त्या चारदा जाऊन बशांत डोकावल्या. चहाच्या बशीत एखादा कोंब दिसला की जीव हलका होई, साध्या बशीत दिसला की राग येई. संशोधकाचं मन तटस्थ असावं, असंही त्या फळ्यावर लिहीत.

गुरुवारी मुंगीनं मोजलं, मग बाईंनी मोजलं. चहा एकशे एक्केचाळीस. साधं पाणी एकशे त्रेचाळीस.

‘‘म्हणजे काहीच नाही,’’ मुंगी म्हणाली.

‘‘काहीच नाही.’’

फ्रिज धापा टाकत होता. मुंगीनं वही मिटली, उघडली. ‘‘बाई, आधीच्याच तीन खेपा दाखवल्या तर? त्याही खऱ्याच आहेत ना. मोजल्यात मी.’’

‘‘दाखव,’’ बाई म्हणाल्या. ‘‘तुझं सादरीकरण आहे. मी उठून काही बोलणार नाही.’’

‘‘असं नका ना करू. तुम्ही काहीतरी एक सांगा.’’

‘‘मला विचारशील, तर सगळं दाखव. पण झेरॉक्सच्या दुकानात मला बसायचं नाहीये, मुंगी. त्यामुळे माझ्या सांगण्याला फुकटाचा मान देऊ नकोस.’’

मुंगी त्या दिवशी ‘येऊ का’ न म्हणता गेली.

सादरीकरण निधीच्या सभागृहात होतं. प्रत्येकाला दहा मिनिटं. समोर तिघं: निधीचे अध्यक्ष, बाहेरून बोलावलेले एक शास्त्रज्ञ, आणि पोर्टलचे जनक सचिव. मुंगीच्या आधीच्या मुलानं साबणावर काम केलं होतं आणि त्याचे सगळे आलेख वर चढत होते. मुंगी उभी राहिली. चार मिनिटं तिनं तीन खेपांचे आकडे दाखवले. विभागप्रमुख मान डोलावू लागले. मग तिनं टेबलाचं चित्र दाखवलं. हातानं काढलेलं, फ्रिजसकट.

‘‘ही चूक माझी आहे,’’ ती म्हणाली, आणि उरलेली सहा मिनिटं चूक कशी झाली, हे तिनं गठ्ठे लावावेत तसं नीट लावून सांगितलं. चौथ्या खेपेचे आकडे शेवटी.

‘‘म्हणजे तुमचा निष्कर्ष काय?’’ अध्यक्षांनी विचारलं. मधल्या काळात त्यांचा जरा डोळा लागला होता.

‘‘चहाच्या पाण्यानं काही होत नाही, सर. आमच्या फ्रिजनं होतं.’’

मागे दोघं-तिघं हसले. शास्त्रज्ञ हसले नाहीत. ‘‘फ्रिजनं किती होतं, ते मोजलंत?’’

‘‘नाही, सर. आठवडे संपले.’’

सचिव लॅपटॉपवर खाली खाली जात होते. ‘‘एक समजलं नाही. इथं मांडणी दर आठवड्याला तपासल्याचं दिसतंय. प्रत्येक शुक्रवारी ‘होय’. विद्यार्थिनीनंही दुजोरा दिलाय.’’

सगळ्यांनी मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं तोंड उघडलं. बाई उठल्या.

‘‘तपासली नव्हती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तिनं माझ्या भरवशावर कोड टाकला.’’

‘‘मग त्या वेळी आपण काय करत होतात?’’

‘‘अहवाल भरत होते.’’

‘‘कुठला अहवाल?’’

‘‘हाच.’’

या वेळी कुणी हसलं नाही. सचिवांनी काहीतरी टिपून घेतलं आणि पुढचं नाव पुकारलं.

निर्णय चार दिवसांनी आला. शिष्यवृत्ती साबणाला मिळाली. दुसऱ्या परिच्छेदात, चुकीची माहिती भरल्याबद्दल संबंधित मार्गदर्शकाचं नाव दोन वर्षं यादीतून वगळण्यात येत असल्याचं नम्रपणे कळवलं होतं. विभागप्रमुख कागद घेऊन सांत्वनाला यावं तसे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. बाईंनी कागद वाचून त्याची घडी घातली. चौदा वर्षं ज्याला नाही म्हणायला जमलं नव्हतं, ते परस्पर झालं होतं. सुटल्यासारखं वाटेल म्हणून त्यांनी वाट पाहिली. तासाभरानं थोडंसं वाटलं, पण तेवढ्यात मुंगी प्रयोगशाळेची किल्ली परत द्यायला आली.

ती उभीच राहिली. हातात वही, पाठीला पिशवी, पिशवीत कागदाची दोन रिमं. दुकानाचं काम सुरू झालेलं दिसत होतं.

‘‘दादा काय म्हणाला?’’

‘‘काही नाही. म्हणाला, जेवून घे.’’ मग, ‘‘वहिनी म्हणाली, खरं बोलायची एवढी हौस होती, तर आधी फ्रिज तरी बघायचा.’’

‘‘बरोबर आहे तिचं.’’

‘‘हो ना. म्हणूनच राग आला.’’

बाईंनी किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. बोलण्यासारखं बरंच होतं, आणि त्यातलं काहीही बोलून दुकान टळणार नव्हतं. ‘‘तिसरं वर्ष सोडणार नाहीस ना?’’

‘‘नाही. सकाळचे तास करीन. बारा ते आठ दुकान.’’

प्रयोगशाळा पाचला बंद होते. बाईंनी मनातल्या मनात वेळा जुळवून पाहिल्या. मुंगीनंही त्या आधीच पाहिल्या असाव्यात, कारण दोघी एकदमच घड्याळावरून नजर काढून खाली बघू लागल्या.

‘‘फ्रिजचं मोजायचं राहिलंय,’’ मुंगी म्हणाली.

‘‘राहू दे.’’

‘‘त्या सरांनी विचारलं आणि मला सांगता आलं नाही. डोक्यातून जात नाहीये ते.’’ तिनं पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. ‘‘गुरुवारी दुपारी दुकान बंद असतं.’’

‘‘विद्यावेतन नाही मिळायचं. आणि कागदोपत्री मी आता दोन वर्षं कुणाची मार्गदर्शक नाही.’’

‘‘म्हणजे अहवालही नाही भरायचा.’’

‘‘नाही.’’

‘‘मग दोनला येते.’’

गुरुवारची दुपार ही बाईंची आठवड्यातली एकुलती एक मोकळी दुपार. त्या दुपारी त्या घरी जाऊन, पडदे ओढून दोन तास झोपत, आणि गेली काही वर्षं त्या दोन तासांच्या जोरावर उरलेले दिवस ढकलत होत्या. हे त्यांनी मुंगीला सांगितलं नाही.

‘‘तीनला ये,’’ त्या म्हणाल्या.